डेड स्पेस २ पहिल्यांदा खेळताय? आधी कूलर बंद करा

"मामा, हाऊ मरत का नही?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिरपूरहून धुळ्याला आलेला भाचा माझ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. वय एकोणीस, बंदुकीच्या गेमांवर हात बसलेला. अंगावर धावून येणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर त्याने शांतपणे नेम धरला आणि सहा फायर केले. डोकं उडालं. बिनडोक धड मात्र तसंच पुढे आलं आणि त्याच्या छातीवर बसलं.

"डोकाले मारू नको," मी म्हणालो, "पायले मार."

डेड स्पेस २ हा अंतराळातला भीतीचा गेम नव्याने खेळायला घेणारे जवळजवळ सगळे इथेच अडकतात. बाकीच्या गेमांनी हाताला लावलेली सवय इथे उलटी पडते. भाच्याला जे आठ-दहा रात्री शेजारी बसून सांगितलं, तेच इथे लिहितोय. कथेतले धक्के होईल तेवढे झाकून ठेवले आहेत. एक आधीच सांगतो: हा गेम प्रौढांसाठीच आहे, युरोपात त्याला १८ वर्षांवरचं मानांकन आहे. घरात लहान भावंडं त्याच खोलीत झोपत असतील तर त्यांना दुसरीकडे झोपवा.

पहिला भाग खेळलाच पाहिजे का?

नाही. व्हिसरल गेम्सने (तेव्हाचं नाव ईए रेडवूड शोअर्स) पहिला भाग २००८ मध्ये काढला, दुसरा जानेवारी २०११ मध्ये, दोन्ही ईए कंपनीचे. मागची गोष्ट एवढीच लक्षात ठेवा: इशिमुरा नावाचं खाणकामाचं अवाढव्य अंतराळजहाज, तिथे मार्कर नावाच्या एका गूढ खांबाच्या प्रभावाने मेलेली माणसं उठून हिंडायला लागतात. त्या उठलेल्यांना नेक्रोमॉर्फ म्हणतात. आयझॅक क्लार्क हा साधा इंजिनिअर तिथून जिवंत सुटतो, पण त्याची प्रेयसी निकोल सुटत नाही. दुसरा भाग तीन वर्षांनंतरचा, शनीच्या टायटन या चंद्राशी असलेल्या स्प्रॉल नावाच्या वस्तीवर घडतो. बस्स.

पहिल्या भागाची २०२३ ची नवी आवृत्ती देखणी आहे, पण तिला मशीन तगडं लागतं. दुसरा भाग दहा-बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरही पळतो, डिस्कवर दहाएक जीबी जागा असली की झालं. सेलमध्ये स्वस्तात मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक पोरांसाठी हिशेब तिथेच मिटतो.

तयारी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, आणि डेझर्ट कूलर म्हणजे खोलीतला ट्रॅक्टर. त्या घरघरीत हा गेम खेळलात तर अर्धा गेम वाया गेला. यातली भीती कानातून शिरते. व्हेंटिलेटरच्या जाळीमागून काहीतरी सरपटत जातं, दोन खोल्यांपलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज येतो, कुणीतरी पुटपुटतं. म्हणून रात्री उशिरा, जरा गार झाल्यावर, कूलर बंद करून, कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावून बसा. महागडा नको, डावं-उजवं नीट कळलं पाहिजे. कूलर बंद करवत नसेल तर निदान त्याचं ओलं तोंड कॅबिनेटकडे ठेवू नका. त्या हवेचा दमटपणा मशीनला चांगला नाही.

यूपीएस असेल तर उत्तम. लाइट गेली की शेवटच्या सेव्ह स्टेशनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि घाबरत पार केलेली खोली दुसऱ्यांदा पार करताना भीती उरत नाही, नुसता वैताग उरतो. भिंतीवरचं सेव्ह स्टेशन दिसलं की सेव्ह करायचंच, आत्ताच केलं होतं असं म्हणायचं नाही.

सुरुवातीला गेम उजेड लावून घ्यायला सांगतो तेव्हा सगळं स्वच्छ दिसेल इतका वाढवू नका. काळोख काळा राहू द्या. माऊस जड, मागे ओढल्यासारखा वाटला तर गेममधला व्ही-सिंक बंद करून पाहा.

अवघडपणा 'नॉर्मल' ठेवा. 'कॅज्युअल' घेतलंत तरी कुणी हसणार नाही. 'हार्ड कोअर' मात्र गेम एकदा संपवल्यावरच उघडतो. त्यात अख्ख्या गेममध्ये तीनदाच सेव्ह करता येतं. तो पार करणाऱ्याला बक्षीस मिळतं फोमचा एक मोठा हातमोजा. तो रोखला की आयझॅक तोंडानेच "बँग बँग" म्हणतो आणि समोरचे फुटतात. एवढा घाम गाळायला लावून असला विनोद करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

पहिली दहा मिनिटं

तुमचे हात बांधलेले असतात. हॉस्पिटलचा वेडसर पेशंटांना घालतात तसला बंद बाह्यांचा कोट अंगात, शस्त्र नाही, आणि चहूकडून ते यायला लागतात. इथे एकच काम: पळा. मागे वळून पाहायचा मोह होईल, पाहू नका. समोरचा रस्ता धरा. एखाददुसऱ्यांदा मराल, मरा. गेम मुद्दाम तुमच्याकडून सगळं काढून घेतो, म्हणजे थोड्या वेळाने प्लाझ्मा कटर हे कापायचं पहिलं हत्यार हातात आलं की त्याची किंमत कळते.

आणि हो, पडद्याच्या कोपऱ्यात जीव किती उरला, गोळ्या किती, असं काही शोधू नका. ते तिथे नाहीच. आयझॅकच्या पाठीच्या कण्यावर निळसर दिव्यांची रांग आहे, तोच त्याचा जीव. गोळ्यांचा आकडा शस्त्रावरच हवेत दिसतो. रस्ता विचारायची कळ दाबली की जमिनीवर उजेडाची रेघ उमटते. सामानाची यादी उघडली तरी गेम थांबत नाही, ती यादी आयझॅकसमोर हवेत तरंगते आणि मागून कुणीही येऊ शकतं. पाठीला डोळा लावून खेळायची सवय इथूनच लागते.

काळोख, बॅटरी आणि कान

ज्याने तापीकाठच्या केळीच्या बागेत रात्री जाऊन मोटर सुरू केली आहे, त्याला हा भाग समजावून सांगायची गरज नाही. थ्री-फेजची पाळी रात्रीची असली की दीड-दोन वाजता उठून जावं लागतं. हातात बॅटरी. तिचा गोल जेवढ्यावर पडतो तेवढंच जग, बाकी सगळा फक्त आवाज. केळीचं वाळलेलं पान वाऱ्याने खोडावर घासतं तेव्हा हुबेहूब कुणीतरी मागून चालत आल्यासारखं वाटतं. बिबट्याची बातमी गावात फिरत असेल तर विचारूच नका. तिथे माणूस आपोआप तीन गोष्टी शिकतो: सावकाश चालायचं, थांबून ऐकायचं, आणि बॅटरी उगाच चहूकडे फिरवायची नाही, कारण जिथून ती हटते तिथला अंधार जास्तच गडद होतो.

आयझॅकची बॅटरी शस्त्राला जोडलेली आहे. शस्त्र रोखलं तरच उजेड पडतो, आणि शस्त्र रोखलेलं असताना पळता येत नाही. म्हणजे पाहायचं असेल तर हळू चाला, पळायचं असेल तर आंधळे व्हा. हा एवढासा नियम सगळं वातावरण उभं करतो. नवखे खेळाडू दार उघडलं की धावत खोलीच्या मध्यभागी जातात. तसं करू नका. दारातच थांबा, शस्त्र रोखा, डावीकडून उजवीकडे एकदा उजेड फिरवा. जाळ्या कुठे आहेत बघा: भिंतीत, छतात, जमिनीजवळ. ते बहुतेक वेळा तिथूनच फुटून बाहेर येतात. जमिनीवर मढी पडलेली असतील तर ती खरंच मढी आहेत का, हेही लांबूनच एक फायर करून ठरवा. काही नुसती सोंग घेऊन पडलेली असतात.

मग ऐका. जेसन ग्रेव्हज यांचं संगीत अनेकदा तुम्हाला फसवतं: व्हायोलिनं एकदम चढतात आणि होत काहीच नाही. पुढच्या वेळी तुम्ही सैल सुटता, आणि तेव्हाच येतं. म्हणून संगीतावर विसंबू नका, पावलांवर विसंबा. धातूवरचं खरखरणं, दमल्यासारखा श्वास, बाळाचं कण्हणं, हे आवाज खरे असतात आणि कुठल्या दिशेने येतात तेही खरं असतं.

सगळ्यात कमाल जागा म्हणजे निर्वात पोकळी. हवा संपते तिथे आवाजही संपतो. आपल्याच गोळीचा नुसता दबका धप्प, आणि आयझॅकचा श्वास. तिथे कान कामाचे नाहीत, म्हणून मान सतत वळवत राहा. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा हेडफोन बिघडला समजून मी वायर हलवत बसलो होतो, आणि मागून पोटात पातं घुसलं.

दहाव्या प्रकरणाबद्दल फक्त एवढंच सांगतो: तिथे बराच वेळ काहीच येत नाही. प्लास्टिकचे पडदे, कामचलाऊ दिवे, रिकामे बोळ. भाचा त्या अर्ध्या तासात जेवढा घाबरला तेवढा आधीच्या नऊ प्रकरणांत मिळून घाबरला नव्हता. तिथे घाई करू नका आणि गोळ्याही उधळू नका.

अंगावर आला तर

आता मूळ मुद्दा. नेक्रोमॉर्फ मेलेलाच आहे, त्यामुळे त्याला जखम झाल्याचं दुःख नाही. डोकं, छाती, पोट, इथे मारणं म्हणजे भरल्या पोत्यात सुई टोचणं. त्याला थांबवायचं तर त्याचे अवयव तोडायचे. आयझॅकची हत्यारं म्हणूनच बंदुका कमी आणि खाणीतली अवजारं जास्त आहेत.

प्लाझ्मा कटरचं पातं उभं-आडवं फिरवता येतं. धावत येणाऱ्याचे पाय उभे असतात, म्हणून पातं आडवं करून गुडघ्याखाली मारा. एक पाय गेला की तो तोंडावर पडतो आणि कोपरांवर सरपटायला लागतो. आता तुमच्याकडे दोन-तीन सेकंद आले. दोन पावलं मागे सरा, पातं उभं करा, पसरलेल्या हातांवर चालवा. साधारण दोन हात गेले की संपला. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात हाताला घाम येतो आणि बोट पातं फिरवायच्या कळेऐवजी भलतीकडेच जातं. म्हणून पहिल्या एक-दोन प्रकरणांत, समोर एकटाच असेल तेव्हा, मुद्दाम सावकाश याचा सराव करा.

दोघे-तिघे आले की स्टॅसिस वापरा. हा निळा फुगा ज्याच्यावर फुटतो तो चिखलात चालल्यासारखा हळू होतो. पहिल्या भागात स्टॅसिस जपून वापरावं लागायचं, या भागात ते हळूहळू आपोआप भरतं, तेव्हा कंजुषी नको. फक्त स्टॅसिस टाकताना सगळ्यात जवळच्यावर टाका. लांबच्याला गोठवून जवळच्याशी झुंजायचं, असा शहाणपणा नवखे करतात आणि जवळचाच त्यांना धरतो.

मग आहे किनेसिस, म्हणजे दुरून वस्तू उचलून फेकायची ताकद. तुटून पडलेला पात्यासारखा हात उचला आणि दुसऱ्याच्या अंगावर सोडा. तो भिंतीला खिळला जातो, गोळी एकही लागत नाही. भाच्याला हे कळलं त्या रात्री त्याने कटर जवळजवळ वापरलाच नाही. "तेन्हाच हात, तेन्हाच भाऊले," असं पुटपुटत तो फेकत राहिला. गोळ्या संपत आल्या असतील तर खोलीत शिरताना आधी फेकण्याजोगं काय काय पडलंय ते मोजून ठेवा: सळ्या, नळ्या, लाल डबे.

अगदी छातीला छाती भिडली तर हत्याराचा दस्ता फिरवून फटका मारता येतो. त्याने मोठे मरत नाहीत, मागे ढकलले जातात, आणि ते एक पाऊल तुम्हाला हवं असतं. फटका मारत सुटू नका. एक फटका, मागे सरकणं, पाय. त्याने मिठी मारलीच तर पडद्यावर दिसेल ती कळ जीव खाऊन दाबा, तेव्हा नेम वगैरे काही नसतं. खाली पडलेल्याला टाचेने तुडवा. आयझॅकचा तो जड बूट हे गेममधलं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं हत्यार आहे.

पाठ कुठे लावायची? भिंतीला, पण जाळी नसलेल्या भिंतीला. अरुंद बोळ मिळाला तर सोन्याहून पिवळं: सगळे एका रांगेत येतात. हत्यार दार उघडण्याआधी भरा, झुंजीच्या मध्ये भरायची वेळ आली म्हणजे हिशेब आधीच चुकलेला आहे.

काही खास पाहुणे

स्लॅशर म्हणजे पात्याच्या हातांचे, वरचा सगळा धडा त्यांच्यावरच आहे. लहान मुलांएवढे झुंडीने धावून येतात ते एक-दोन फटक्यांत आडवे होतात. तिथे नेम धरत बसू नका, कोपऱ्यात पाठ लावा आणि दस्ता फिरवा. रांगत येणारी बाळं मात्र फुटतात, त्यांना लांबूनच टिपा. भिंतीला चिकटलेले गळवांसारखे गोळे जवळ गेल्यावर स्फोटक थुंकतात. आधी एखादी वस्तू त्यांच्यासमोर फेका, ते वाया जातील. हिरवट ओकणाऱ्याच्या समोर उभे राहू नका, ओकारी अंगावर पडली की पाय जड होतात.

स्टॉकरवर जरा थांबतो, कारण भाच्याने माऊस आपटला तो यांच्यापायी. खोलीत उंच खोकी रचलेली असतात. कुठून तरी टकटक, घुर्र असा आवाज. एका खोक्याआडून एक डोकं हळूच डोकावतं, तुम्ही नेम धरेपर्यंत आत जातं. तुम्ही त्याच्या मागे जाता, आणि दुसरा बाजूने रेड्यासारखा धडक मारून तुम्हाला आडवं पाडतो. यांचा सगळा खेळ तुम्हाला खोक्यांच्या गल्ल्यांत ओढण्याचा आहे. तेव्हा जाऊच नका. खोलीचा असा कोपरा धरा जिथे दोन भिंती पाठीशी आहेत आणि समोर चार-पाच पावलं मोकळी जागा. डोकावणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. ओरडण्याचा आवाज आला म्हणजे धडक निघाली. त्या क्षणी समोर स्टॅसिस, मग पाय. डिटोनेटर हे सुरुंगाचं हत्यार घेतलं असेल तर समोर दोन सुरुंग पेरून ठेवा, उरलेले नंतर उचलून घेता येतात. भाचा चौथ्या खेपेला कोपऱ्यात उभा राहिला, आणि एक एक करत पाचही स्वतःहून चालत आले.

खिडक्यांचं विसरत होतो. बाहेर पोकळी असलेली काच फुटली की हवा सगळ्यांना बाहेर ओढते, नेक्रोमॉर्फांना आणि तुम्हालाही. काचेच्या वर लाल त्रिकोणी खूण पेटते, तिच्यावर लगेच गोळी मारली की झडप पडते आणि तुम्ही वाचता. मुद्दाम काच फोडून अख्खी झुंड घालवता येते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा झुंड गेली आणि मीही गेलो, कारण गोळ्या भरलेल्याच नव्हत्या.

माल आणि पैसा

इथे फार डोकं लावू नका. मेलेल्यांना तुडवलं तरच त्यांच्याकडचा माल बाहेर पडतो, म्हणून तुडवल्याशिवाय पुढे जायचं नाही. जवळ जी हत्यारं आहेत त्यांच्याच गोळ्या मिळतात. तेव्हा चारही जागा भरायची हौस सोडा, कटर आणि आणखी एक-दोन पुरे. गर्दी ढकलायला फोर्स गन नवख्याला फार उपयोगी पडते. पॉवर नोड, म्हणजे हत्यारं आणि सूट सुधारायचे सुटे भाग, आधी कटरच्या ताकदीवर घाला, मग अंगावरच्या सूटच्या जिवावर. एखादा नोड खिशात राखून ठेवा, बंद खोल्यांची काही दारं नोड खर्चूनच उघडतात आणि आत बहुधा खर्चापेक्षा जास्त माल असतो.

अगदी शेवटाकडे

आठव्या की नवव्या रात्री, कूलर बंद, पंखाही बंद, भाच्याच्या बनियनला घामाचा नकाशा. एव्हाना तो तरबेज झाला होता. समोर एक नवाच उभट प्राणी आला. आडवं पातं, गुडघा, पडला. उभं पातं, डावा हात, उजवा हात. सगळं पुस्तकातल्यासारखं. मग त्याने टाच उचलली, आणि खाली पडलेल्या धडातून नवे हात फुटायला लागले. पुन्हा तोडले. पुन्हा फुटले. गोळ्या अकरा उरल्या.

"मामा, हाऊ मरत का नही?"

"हाऊ मरत नही. स्टॅसिस टाक आणि पय."